आवंढ्याएवढी उसंत

अर्धांगवायूने अण्णांची वाचा गेली होती. आता त्यांच्या मनात आलेला शब्द कानामागची चकती वाचायची आणि छातीवरचा स्पीकर तो त्यांच्याच आवाजात बोलायचा, फक्त जरा रेंगाळून. त्या रेंगाळण्याची शर्वाणीला लाज वाटे, कारण बापाच्या चकतीचं सॉफ्टवेअर तिच्याच टीमचं होतं. वर्षभर खपून तिने त्यातला मंद भाग दुसऱ्या, वेगवान प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिला. सगळ्या चाचण्या पास झाल्या. पहिला मान अण्णांचा, म्हणून रविवारी तिने तो त्यांच्या चकतीत घातला आणि ताट वाढलं.

"अण्णा, आमटी कशी झालीय?"

"पाणचट," स्पीकर ताडकन म्हणाला.

शर्वाणी खळखळून हसली. "आणि मी पुण्याचं बिऱ्हाड मोडून तुमच्यापाशी आले, ते बरं केलं ना?"

"तू नको होतीस. श्रीरंग यायला हवा होता."

श्रीरंगने, तिच्या भावाने, वर्षात साधा फोन केला नव्हता.

अण्णांचा धड हात स्पीकर झाकायला धावला. "हे बोलायचं नव्हतं गं मला. एरवी शब्द गिळायला वेळ मिळायचा." हाताआडून तेही लगेच बाहेर पडलं.

शर्वाणीने जुनं सॉफ्टवेअर परत घातलं. पुन्हा आमटी वाढली.

"आता सांगा, कशी झालीय?"

स्पीकर रेंगाळला. एरवी तेवढ्यात ती भातावर तूप घालायची. आज ती त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली. गळ्याची घाटी खाली गेली, वर आली.

"छान झालीय गं," स्पीकर म्हणाला.