छापील नियमाने

“मला सरायमध्ये झोपायचं नाही,” चैत्राली म्हणाली.

ईशानीने पेन थांबवलं. लंडनच्या पिनर उपनगरातल्या तिच्या घरी, मागच्या काचेच्या खोलीत, दर शनिवारी दुपारी हा खेळ चाले. टेबलावर ना पट, ना सोंगट्या. ईशानी गोष्ट सांगायची, बाकीचे त्यातली पात्रं व्हायचे, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. नियमांचं जाडजूड छापील पुस्तक होतं. पण सहा वर्षांत त्यावर ईशानीच्या वहीतले घरचे नियम चढले होते. त्यातला सर्वांत जुना असा : जो खेळायला येणार नाही, त्याचं पात्र गोष्टीतल्या सरायमध्ये झोपेल आणि त्याला कोणी हात लावणार नाही.

“पण रूल आहे तो,” ईशानी म्हणाली. “तू पुण्याहून परत आलीस, की वज्रा उठेल. तिची ढाल, तिचा भाला, सगळं सेफ राहील.”

वज्रा म्हणजे चैत्रालीची लढवय्यी. दोघी दहा वर्षांच्या होत्या तेव्हा जन्मलेली.

चैत्रालीने वही स्वतःकडे ओढली आणि मागचं पान उघडलं. “निखिलचा जादूगार, दोन हजार दोनपासून झोपलाय. दीपाची चोर. सुश्रुतचे दोन्ही भाऊ. यांच्यातलं कोणी कधी उठलं?”

शेजारच्या हॅरोहून आलेला वीर, त्यांच्याच वर्गातला, खुर्चीत अवघडून बसला.

“राक्षसांना अडवायला आज पुलावर कोणीतरी थांबायला हवंय,” चैत्राली म्हणाली. “तरच तुम्ही दोघं पलीकडे जाल. वीरचा धनुर्धर आणि तू चालवतेस तो वैद्य. मी थांबते. पण छापील नियमाने. फासे उघड्यावर. पुन्हा टाकणं नाही.”

“तशाने मरेल ती!”

“मरेल कदाचित.”

“ऑफिशियल रूल्स!” ईशानीचा आवाज चढला. “ऑफिशियल रूल्समुळेच तर तुम्ही चाललात!”

ते खरं होतं. दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या व्हिसाचे नियम बदलले आणि चैत्रालीच्या बाबांचे पॉइंट्स कमी भरले. अपील करून झालं, पत्रं लिहून झाली. बुधवारी सगळे पुण्याला निघणार होते.

“म्हणूनच,” चैत्राली म्हणाली. “तिथे मला कोणी फासा टाकायला दिला नाही. इथे मी टाकणार.”

ईशानीने समोर उभा केलेला पुठ्ठ्याचा आडोसा उचलला, घडी घातली आणि खाली जमिनीवर ठेवला. त्याच्याआड ती सहा वर्षं फासे टाकत आली होती आणि वाईट आकडे गुपचूप चांगले करत आली होती. ते सगळ्यांना माहीत होतं.

“तीनदा,” ती म्हणाली. “दर वेळी बारा किंवा वर.”

चैत्रालीने वीस बाजूंचा फासा टाकला. पहिला आकडा सतरा. राक्षसांची पहिली रांग मागे हटली. वीरचा धनुर्धर वैद्याला पाठीवर घेऊन अर्ध्या पुलापर्यंत पोचला.

दुसरा बारा. जेमतेम. “पलीकडे!” वीर ओरडला. “आम्ही पलीकडे आलो!”

“मग आता पुलाचे दोर कापा,” चैत्राली म्हणाली.

“तू अजून पुलावर आहेस.”

“माहीत आहे. कापा.”

वीरने ईशानीकडे पाहिलं, ईशानीने टेबलाकडे. “कापतो,” तो पुटपुटला.

तिसरा फासा टेबलभर घरंगळत गेला, कपाला आपटून थांबला. चार.

“कपाला लागला!” वीर लगेच म्हणाला. “कपाला लागलेला धरत नाहीत. आपल्या वहीत—”

“पुस्तकात आहे का?” चैत्रालीने विचारलं.

वीरने पानं चाळली. पुस्तकात नव्हतं.

आता घाव किती बसला ते ईशानीने टाकायचं होतं. तिने फासे मुठीत धरले, बराच वेळ धरले. वज्राच्या अंगात जिवाचे नऊ गुण उरले होते. तिने टाकले. अकरा.

चैत्रालीने आपल्या कागदावर वजाबाकी केली आणि कागद उलटा करून ईशानीपुढे सरकवला. “लिही.”

“मी नाही लिहिणार.”

“गोष्ट तू सांगतेस. तूच लिहायचं.”

ईशानीने बाहीने नाक पुसलं. मग वहीत, झोपलेल्यांच्या यादीत नव्हे, कोऱ्या पानावर, आपल्या वेड्यावाकड्या मराठीत तिने लिहिलं : *वज्रा पुलावर लढली. दोघे वाचले.* चैत्रालीने ते दोनदा वाचलं. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

वीर उगाच फासे गोळा करू लागला.

“नव्या पात्रासाठी एक कोरी कॅरेक्टर शीट दे,” चैत्राली म्हणाली.

“आता? बुधवारी तर तू जाणार.”

“नऊ तासांची फ्लाइट आहे. तेवढ्यात होईल भरून. तिकडेही कोणीतरी खेळत असेलच.”

ईशानीने ड्रॉवरमधून कागद काढला. तो पुढे करत म्हणाली, “वज्रा नवव्या लेव्हलला होती. पाहिजे तर तिथून सुरू कर. मी लिहून देते.”

चैत्रालीने पेनचं टोपण काढलं.

“नको,” ती म्हणाली आणि वरच्या लेव्हलच्या चौकोनात ठळक एक काढला.