हिरवी खूण

“लाल मार, पोरी,” बॉस आंतेनोर पुन्हा म्हणाला. गवंड्याला तिथे सगळे बॉसच म्हणत. त्याने मिर्लांदच्या हातातल्या रंगाच्या डब्याकडे पाहिलं नाही. स्वतःच्या घराकडेही पाहिलं नाही.

लाल म्हणजे पाडायचं, पिवळी म्हणजे दुरुस्ती, हिरवी म्हणजे राहायला जा. भूकंपानंतर पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या प्रत्येक उभ्या घरावर यांपैकी एक खूण उमटत होती. आजवर ही खूण मिर्लांदचे साहेब, इंजिनियर देरोझिए, करत. शिकाऊ मिर्लांद हातोडा घेऊन त्यांच्या मागून चाले. आज सकाळी त्यांनी डबा तिच्या हातात दिला आणि ते खालच्या गल्लीत निघून गेले. जाताना एवढंच बजावलं, की कोणी रडलं म्हणून रंग बदलायचा नाही.

रडणारे रोज भेटत. लाल खूण असेल त्याला मदत म्हणून नवी लाकडी खोली मिळते अशी बोलवा होती. मग धडधाकट घरांचे मालकही लालच मागत. कोपऱ्यावर केळ्याचे काप तळणारी बाई तर म्हणाली होती, की आमच्या नवऱ्यालाही ठोकून बघ आणि बिनधास्त लाल मार. बायका हसल्या होत्या. पण इथे हसू फार टिकत नसे. या गल्लीत वरपासून खालपर्यंत आंतेनोरचं एकच घर उभं होतं. बाकीच्या घरांचे स्लॅब एकमेकांवर बसले होते, कसावाच्या भाकऱ्यांची चवड असावी तसे. देवाने म्हाताऱ्यावर हात धरला, असं शेजारी म्हणत.

आंतेनोरची बायको सिलियाना दारासमोर उभी राहून हिरव्या खुणेची वाट पाहत होती. दोन नातवंडांना घेऊन ती फुटबॉलच्या मैदानावर ताडपत्रीखाली राहत होती. धाकट्याचा खोकला छातीत उतरला होता. पाऊस लागला की मैदानाचा चिखल होणार होता. नवरा घरात पाऊल टाकत नाही, आम्हालाही टाकू देत नाही, अशी तिची तक्रार होती. गुडुगुडूने त्याचं डोकं फिरलंय, ती म्हणाली. भूकंपाला भूकंप म्हणायला कोणी धजत नसे.

मिर्लांद कामाला लागली. ओळंबा सोडला. भिंत सरळ होती. कॉलम ठोकले. आवाज भरीव आला. एका कॉलमच्या पायाशी ती गिलावा फोडू लागली तसा आंतेनोर पुढे झाला. तिथे बघण्यासारखं काही नाही, म्हणाला.

होतं. आत जाड, पीळदार सळया होत्या. त्यांच्याभोवती रिंगा दाट बांधलेल्या, रिंगांची टोकं आत वळवलेली. वाळू नदीची, धुतलेली. मिर्लांदच्या कॉलेजची इमारत जानेवारीतल्या त्याच भूकंपात बसली होती. त्या ढिगाऱ्यातून मैत्रिणींना शोधताना तिने गुळगुळीत सळया पाहिल्या होत्या, मुठीत चुरा होणारं काँक्रीट पाहिलं होतं. वर्गात फळ्यावर काढलेला कॉलम तिला या शहरात खरोखरचा असा पहिल्यांदाच दिसत होता.

आंतेनोरने तिचं मनगट धरलं. याला पिवळी तरी मार, हवं तर मी माझ्या हाताने एक भिंत पाडतो, असं तो पुटपुटला. हाही खोलीसाठीच, तिला वाटलं. तिने हात सोडवून घेतला आणि दाराशेजारी हिरवी खूण मारली.

सिलियाना तिथेच गुडघ्यांवर बसली. ढिगारे उपसणारी माणसं काम सोडून जमली. कितीतरी आठवड्यांनी मिर्लांदला बरं वाटलं. म्हाताऱ्याच्या हाताचं कौतुक व्हावं, असं तिला वाटलं. तिने सगळ्यांना कॉलमजवळ बोलावलं, सळया दाखवल्या, रिंगा दाखवल्या.

“बॉसनी हे घर जसं बांधलंय तशी सगळी बांधली असती,” ती म्हणाली, “तर आज तुमची गल्ली उभी असती.”



समोरच्या ढिगाऱ्यावरून ओदिलोन उतरून आला. त्याची बायको आणि मुली अजून त्या स्लॅबखालीच होत्या. तो कॉलमपाशी उकिडवा बसला. त्याने एका रिंगेवरून बोट फिरवलं, मग तिच्या खालच्या रिंगेवरून. आंतेनोर दारात उभा होता. तो जागचा हलला नाही.

“बॉस,” ओदिलोन वर न बघता म्हणाला, “आमची सगळ्यांची घरं तुम्हीच बांधलीत ना?”