नव्वद टक्के काळं

गोदलीव्ह सकाळपासून काळा कोट, काळी टोपी घालून मुलाची वाट बघत बसली होती. योरिस उगवला तो चॉकलेटची वडी नाचवत.

"आई, ते दुधाचं गोडमिट्ट चॉकलेट आता बंद! हे नव्वद टक्के काळं. हृदयाला चांगलं, रक्तदाब आटोक्यात. आणि तुझ्या वयात मुख्य म्हणजे, स्मरणशक्ती शाबूत राहते."

तिने तुकडा चाखला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शेगडीतली राख बरी."

"कडू आहे म्हणूनच गुणकारी गं! तुला कशाचं कौतुकच नाही." मग त्याला तिची टोपी दिसली. "कुठे निघालीस एवढी नटून?"

गोदलीव्हने खिडकीचा पडदा सरकवला. दर एक नोव्हेंबरला, मृतांच्या आठवणीच्या दिवशी, जातं तसं अख्खं गाव शेवंतीच्या कुंड्या कवटाळून दफनभूमीकडे चाललं होतं. योरिस कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिला.

तिने उरलेली वडी त्याच्या खिशात कोंबली.

"हे तूच खा, बाळा. वर्षभर रोज खा. मग पुढच्या खेपेला बापासाठी एखादी कुंडी आणायची आठवण राहील."