कपाटातला पाय

"आधी तो पाय काढा," प्रशिक्षक म्हणाले.

चिमणी नुकतीच खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळाली होती. नवा कृत्रिम पाय लावून पहिल्यांदाच. ती धापा टाकत ताईंकडे बघत राहिली.

"अहो, आमची संस्था पायच तर बनवते," ताई म्हणाल्या. "पोरगी पळते, हेच दाखवायचं ना?"

"पळणाऱ्या पोरीला अनुदान कोण देतं, ताई? बघणाऱ्याला पाझर फुटला पाहिजे. संवादकौशल्य म्हणतात ते हेच."

कसलं डोंबलाचं कौशल्य! हा माणूस गावोगाव फिरून छोट्या संस्थांना मागायला शिकवायचा, आणि कुठे थांबून आवंढा गिळायचा तेही घोटून घ्यायचा. ताईंना त्याची शिसारी आली. पण हे अनुदान हुकलं तर महिनाअखेर संस्थेला टाळं लागणार होतं, आणि मापं देऊन गेलेली मुलं पायाची वाट बघत होती. 

ताईंनी स्वतःच्या हातांनी पट्टे सोडले आणि पाय कपाटात ठेवला.

"मी काही चुकले का?" चिमणीने विचारलं.

"नाही गं बाळा. थोडाच वेळ."

अनुदान देणाऱ्या संस्थेच्या बाई आल्या त्या तोऱ्यातच. कडक इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. जिना असा चढल्या, जणू पायरीपायरीवर उपकार करत होत्या. एक पाय ठेवायचा, दुसरा शेजारी आणायचा, मग पुढची पायरी. मुलं जमिनीवर व्यायाम करतात म्हणून दारावर पाटी होती, 'बूट बाहेर काढा'. बाईंनी ती वाचली आणि बुटांसकट आत आल्या. मुलांसोबत सतरंजीवर बसा म्हटलं, तर म्हणे, "नको. खुर्ची द्या."

अगं बाई, काय हा माज! असल्यांपुढे हात पसरायचा या विचारानेच ताईंचं तोंड कडू झालं.

प्रशिक्षकांनी खूण केली. चिमणी शिकवल्याप्रमाणे सरपटत पुढे आली. ताईंनी पढवलेलं भाषण केलं. आवाज जिथे फुटायचा तिथे बरोबर फुटला, आणि तो ऐकून त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

बाई ढिम्म.

"तुमच्याकडची मुलं पळतात असं ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

"पळतील की, मॅडम! तुमचा हातभार लागला की," प्रशिक्षक घाईने म्हणाले.

"हिला अजून पाय बसवलाच नाही?"

ताईंनी मान खाली घातली. "नाही."

"आहे की!" चिमणी म्हणाली. "कपाटात आहे. ताईंनीच काढून ठेवलाय."

बाईंनी प्रस्तावाची फाइल मिटून ताईंच्या हातात परत दिली. ताईंना मघापासून जी शिसारी येत होती, ती आता बाईंच्या नजरेत होती.

"आमच्याकडून अनुदान मिळणार नाही," बाई म्हणाल्या.

मग खुर्चीच्या हातावर भार देत त्या उठल्या, कपाट उघडलं आणि तो पाय चिमणीसमोर आणून ठेवला. "बांध आणि परत कुणी सांगितलं तरी काढू नकोस."

"पट्टा टोचतो कधीकधी," चिमणी म्हणाली.

"आत मऊ मोजा घाल. मी तेच करते," असं म्हणून बाईंनी डाव्या बाजूची पँट गुडघ्यापर्यंत वर सारली. चिमणीने बोटाने वाजवून पाहिलं. टक टक.