पासष्ट हजार पाचशे पस्तीस मिनिटं

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला म्हाताऱ्या इंजिनिअरनी उत्तर दिलं नव्हतं.

'त्या दुपारी जवळ मी एकटीच होते. माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा प्राणवायूचं यंत्र बंद होतं. सगळे म्हणतात, झोपेत माझाच हात बटणावर पडला. यंत्र आपोआप थांबू शकतं का? प्रोग्राम तुमचा आहे. खरं सांगा.'

लिहिणारीनं पुढे गावच सोडलं.

आज तेच यंत्र आतल्या खोलीत, रिकाम्या कॉटशेजारी घरघरत होतं. सलग चालण्याचा सेहेचाळिसावा दिवस. उशाशी एक शाल घडी घालून ठेवलेली. कंपनीतला जुना टेस्टर स्टुलावर चहा फुंकत बसला होता.

"तेव्हा कानीकपाळी ओरडलो, साहेब. मोटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मिनिटं मोजायला तुम्ही सोळा बिटांचाच खण ठेवलात. पासष्ट हजार पाचशे पस्तीसला तो भरतो. वर एक टाकलं की पुन्हा शून्य."

"मी म्हणालो, इतके दिवस सलग कोण चालवतंय."

"हसलाही होतात."

"हो."

"एक मिळवण्याआधी जागा उरलीय का बघा, एवढंच म्हणत होतो. दोन ओळींचं काम!"

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. शून्य आलं तरी मोटर थांबत नसेल, तिचाच हात पडला असेल, अशी अकरा वर्षं त्यांनी मनाची समजूत घातली होती. करून बघायचा मात्र धीर झाला नव्हता.

सव्वातीन वाजले. पडद्यावरचा आकडा शेवटाला आला. मग शून्य.

घरघर थांबली. ना घंटा, ना लाल दिवा.

"बोंबसुद्धा मारली नाही हो यानं!" टेस्टर पुटपुटला.

"शून्य म्हणजे अजून सुरूच झालेलं नाही, असं ते धरतं. बंद यंत्र कशाला ओरडेल?"

दोघं बटणाकडे बघत राहिले. त्याला कुणी हात लावला नव्हता.

"आता तरी तिला कळवाल ना?"

"ती वाचेल?"

"तेवढं तिच्यावर सोडा, साहेब."

म्हाताऱ्यांनी चार कागद फाडले. पाचवा पाकिटात घातला, वर तिच्या नव्या गावचा पत्ता लिहिला, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले आणि पाकीट आत सोडलं.

कागदावर एकच ओळ होती: 'बाळ, तुझ्या आईचं यंत्र तू बंद केलं नव्हतंस, मी केलं होतं. – बाबा'