एक शब्दही नाही

“आता डोळे मिटा आणि अजिबात बोलू नका. लेप तडकला की सगळी मेहनत पाण्यात,” पार्लरवाली म्हणाली.

पार्लरमध्ये पहिल्यांदाच आलेल्या मुलीने मुकाट्याने डोळे मिटले. आईचा फोन येईल म्हणून मोबाईल तिने टॉवेलखाली पोटावर ठेवला होता. संध्याकाळी तिला कुठल्याशा कार्यक्रमाला जायचं होतं.

भुवया आधीच कोरून झाल्या होत्या. डाव्या भुवईत मधोमध लहानपणच्या जखमेची फट होती. पेन्सिलीने भरू का, असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, “राहू द्या. घरचे मला त्याच खुणेने ओळखतात.” पार्लरवालीला हे आवडलं. गिऱ्हाइकांचे चेहरे ती विसरायची, भुवया नाही.

शेजारच्या खुर्चीत पोस्टातल्या बाई केसांना रंग लावून बसल्या होत्या. दोघी टीव्हीच्या पक्क्या नादी. आज संध्याकाळचा पुरस्कार सोहळा कसा होणार, यावर त्यांचं सकाळपासून चालू होतं.

“मी टीव्ही बघतच नाही,” असं ती मुलगी आल्या आल्या म्हणाली होती. टीव्ही न बघणारं माणूस हाती लागल्यावर या दोघींना चेवच आला. कुठल्या मालिकेत कोण कोणाची सावत्र बहीण, हे तिला पहिल्यापासून सांगणं भागच होतं.

“नायिकेचं बक्षीस तिलाच,” पोस्टातल्या बाई म्हणाल्या. “तीनदा स्मृती जाणं म्हणजे खायचं काम नाही.”

“तीनदा स्मृती गेली, पण लिपस्टिक कशी लावायची ते बया एकदाही विसरली नाही!”

लेपाखाली मुलीचे गाल हलले.

“हसू नका, तडकेल,” पार्लरवाली म्हणाली. पण खूश झाली.

“लेखक संपावर, मग आज तो सूत्रसंचालक बोलणार काय?” पोस्टातल्या बाईंनी विचारलं.

“काय बोलणार! नमस्कार म्हणेल आणि घाम पुसत बसेल. आयते विनोद म्हणायची सवय लागलेली माणसं ती. आज सोहळा आपटू दे, उद्या वाहिनीवाले बोलणी करायला धावत येतात की नाही बघा.” तिने पंखा मुलीच्या बाजूला वळवला. “आमचे हेच संघटनेचे चिटणीस. एक शब्दही द्यायचा नाही, असं सगळ्यांकडून वदवून घेतलंय. परवा कॉलेजपासूनच्या मित्राला बाहेर काढलं. का, तर त्याने एका मालिकेला चोरून चार वाक्यं दिली. घरी येऊन रडले हो हे. पण काढलं.”

“कठीण आहे,” बाई म्हणाल्या.

“कठीण कसलं? घरात हसतखेळत असतात. काल स्टुडिओच्या गेटवर धरणं धरून बसले होते, तिथे सगळ्यांना म्हणाले, ‘संपावर गेल्यापासून घरात भांडण नाही. बायकोला सांगितलंय, संवाद हवे असतील तर आधी मागण्या मान्य कर.’ गेटवर माणसं लोळली म्हणे हसून!”

मुलीने ओठ घट्ट मिटून धरले होते. लेप शेवटपर्यंत तडकला नाही. जाताना तिने पार्लरवालीचे दोन्ही हात हातात घेतले. “ताई, तुमच्याकडे येऊन फार बरं वाटलं.”

संध्याकाळी चिटणीसाच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. धरण्यावरचे सगळे लेखक सोहळा आपटताना बघायला जमले होते. पार्लरवाली चहाचे कप फिरवत होती. नवरा टीव्हीसमोर मांडी घालून बसला होता, परीक्षेचा पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा.

सूत्रसंचालक आला. नमस्कार म्हणाला. घाम मात्र पुसला नाही.

“आमच्या नायिकेची स्मृती तीनदा गेली,” तो म्हणाला, “पण लिपस्टिक कशी लावायची ते ती एकदाही विसरली नाही.”

सभागृह खदखदून हसलं.

“अगोबाई! मीही अगदी हेच म्हणाले होते सकाळी!” पार्लरवाली कौतुकाने म्हणाली. कोणी हसलं नाही. सगळे पडद्याकडे बघत होते.

“माझा एक मित्र लेखक आहे,” सूत्रसंचालक पुढे म्हणाला. “संपावर गेल्यापासून त्याच्या घरात भांडण नाही. बायकोला म्हणतो, संवाद हवे असतील तर आधी मागण्या मान्य कर.”

सभागृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. इकडे खोलीतल्यांनी कप खाली ठेवले. मग सगळ्यांत म्हाताऱ्या लेखकाने चष्मा काढला.

“हा तुझा. कालचा, गेटवरचा.”

“मी कुणालाही दिलेला नाही,” नवरा म्हणाला.

“परवा तोही हेच म्हणाला होता. तू ऐकून घेतलंस का त्याचं?”

दोघे जण चपला शोधायला उठले. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते पार्लरवालीला बघवेना. ती ट्रे तसाच हातात धरून मधोमध उभी राहिली.

“थांबा! कोणी जायचं नाही. हे मरतील, पण शब्द देणार नाहीत. ज्याने कोणी हे पाप केलं असेल ना, तो माझ्यासमोर येऊ दे एकदा.”

“वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका,” म्हातारा लेखक हळूच म्हणाला.

पडद्यावर सूत्रसंचालकाने हात वर करून टाळ्या थांबवल्या.

“आज माझ्यासाठी कोणी काही लिहिलं नाही,” तो म्हणाला. “माझ्या धाकट्या बहिणीने फक्त ऐकलं.”

कॅमेरा पहिल्या रांगेकडे वळला. एक मुलगी लाजत उभी राहिली. तिचा चेहरा पडदाभर मोठा झाला. भुवया सुरेख कोरलेल्या होत्या, आणि डावीत मधोमध फट होती.