कोवळं ऊन

"बघ, आठ पूर्णांक नऊ. कालच्यापेक्षा कमी," म्हणत सुखदाने बटणाएवढा सेन्सर बाळाच्या कपाळावरून उचलला.

नवजात बाळाची कावीळ मोजायला टाचेत सुई टोचावी लागते. ती या सेन्सरने टळणार होती. आठ रंगांचा प्रकाश कातडीवर टाकायचा आणि परत येईल तो मोजायचा. सुखदाची चार वर्षं त्यात गेली होती. परवा डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तेव्हा तिची वहिनी मयुरा रडवेली झाली आणि सुखदाच म्हणाली, "राहू दे गं. आत्या कशाला आहे?" चार दिवसांनी बारसं होतं, बाळाच्या कानात नाव सांगायचा मानही तिचाच. त्यामुळे स्वारी जरा तोऱ्यातच होती.

फरीदाबादच्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत मार्चचं ऊन आलं होतं. सुखदाची आई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, अंगावर फक्त लंगोट. हा तिचा रोजचा तासाभराचा नेम.

"तुझं यंत्र नुसतं मोजतं," आई म्हणाली. "कावीळ उतरवली ती माझ्या उन्हाने."

"आज पीत नाहीये धड," मयुरा म्हणाली. "उठवलं तरी परत झोपतो."

"शहाणं आहे बाळ, बिल्कुल त्रास नाही," म्हणत आईने ओला लंगोट सोडला.

लंगोटाखालची कातडी पिवळीजर्द होती. बाकी अंग गोरं, नितळ.

सुखदाने सेन्सर तिथे टेकवला. एकोणीस पूर्णांक चार. काच पुसून पुन्हा टेकवला. एकोणीस पूर्णांक सहा.

ऊन कातडीतला पिवळेपणा उडवत होतं, रक्तातला आत वाढतच होता. सेन्सर बिचारा दिसेल तेवढंच सांगत होता. दोनशे बाळांवर तो पारखला होता, सगळी हॉस्पिटलच्या वॉर्डातली. तिथे ऊन दाखवायला आजी नसते. इथे तर रोज डोळ्यांसमोर बसली होती, तरी सुखदाला सुचलं नाही.

"दादा, गाडी काढ. हॉस्पिटल."

"अगं, पण आत्ताच तर आठ पूर्णांक..." तिचा भाऊ राघव म्हणाला.

"ते खोटं आहे."

मयुराने बाळाला दुपट्यात गुंडाळलं, तरी ते जागं झालं नाही. रक्तातली कावीळ वाढली की बाळ असंच सुस्त पडतं, हे सुखदाला ठाऊक होतं. लिफ्टपाशी सुखदाने सिद्धांतला फोन लावला. तिचा हा सहकारी परवाच गाझियाबादमध्ये नवजात बाळांच्या तीस घरी हेच सेन्सर वाटून आला होता.

"मॅडम, मीच करणार होतो," तो खुशीत म्हणाला. "सगळ्यांचे आकडे उतरलेत. आया पण एकदम खूश आहेत, यार. म्हणतात, बच्चा अब रोता ही नहीं, दिनभर सोता है."